मिठाची जकात आणि गर्भाचा वाटा

मुळेच्या काठी, पुण्याच्या वायव्येस वसलेल्या वाकडची आजची ख्याती हिंजवडीच्या संगणकनगरीचा शेजार म्हणून आहे. कस्पटे वस्ती आणि भूमकर चौक ही नावे आता पिकांच्या संदर्भात नव्हे, तर वाहनांच्या खोळंब्याच्या संदर्भात उच्चारली जातात. तथापि चैत्री पौर्णिमेस हिंजवडीहून वाकडला येणारे म्हातोबाचे बगाड जे पाहतात त्यांच्या ध्यानात येते की या इमारतींच्या दाटीखाली एक जुने, मावळाच्या उंबरठ्यावरचे कुणब्यांचे गाव अद्याप श्वास घेत आहे. त्या गावाने आपल्या बहुतेक गरजा शतकानुशतके शिवारातून आणि बलुतेदारांकडून भागविल्या. लोहाराने फाळ दिला, कुंभाराने मडके दिले, चांभाराने मोट शिवली. परंतु मीठ देणारा बलुतेदार कोणत्याही गावगाड्यात नव्हता. ते सह्याद्रीपलीकडून, समुद्राकाठच्या आगरांतूनच यावे लागे, आणि त्यावाचून एकही चूल चालत नसे. प्रत्येकास हवे, कोणासही टाळता न येणारे, गरीब व श्रीमंत जवळजवळ सारख्याच मापाने खातात असे हे द्रव्य राज्यकर्त्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. त्याच गुणामुळे पुढे ते वैद्यकाच्याही नजरेत भरले. मिठाच्या या दोन उपयोगांचा, म्हणजे खजिन्याच्या आणि गर्भाच्या सोयीचा, इतिहास एकत्र वाचला पाहिजे.

कोकणातील मिठागरांची व्यवस्था जितकी साधी तितकीच कष्टाची होती. खाडीलगतच्या खाजणास बांध घालावयाचा, उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे, ते एका उथळ तळ्यातून दुसऱ्यात आणि तेथून लहान लहान वाफ्यांत सोडीत जावयाचे, आणि उन्हाने व वाऱ्याने आटून खडे धरू लागले म्हणजे ते ओढून राशी घालावयाच्या. पावसाळा उलटल्यावर बांधबंदिस्तीपासून आरंभ होऊन वैशाखाच्या अखेरीपर्यंत हा उद्योग चाले आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर संपे. उरण, पेण, पनवेल, वसई, भाईंदर, मुलुंड या भागांतील आगरी समाजाने हे काम पिढ्यानपिढ्या केले. त्यांनी पिकविलेले मीठ बोरघाटाने आणि कुसूरच्या घाटाने लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून मावळात चढे. तेच बैल उतरताना देशावरचे धान्य घेऊन जात. पुण्याच्या गंज पेठेत, जिला आज महात्मा फुले पेठ म्हणतात, मीठगंज हे नाव एका पोलीस चौकीच्या रूपाने अद्याप टिकून आहे, आणि या व्यापाराची तेवढी खूण शहराने राखली आहे. 1830 साली गव्हर्नर माल्कम याच्या कारकीर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, 1863 साली आगगाडीने घाट ओलांडला, आणि लमाणांच्या तांड्यांचे दिवस सरले. वाकडच्या घरात येणारा खडा मात्र त्याच आगरातला राहिला.

या व्यापारावर राज्याची दृष्टी किती सूक्ष्म असू शके, याचे उदाहरण शिवछत्रपतींच्या पत्रव्यवहारात सापडते. 1671 च्या डिसेंबरात कुडाळकडील अधिकारी नरहरी आनंदराव यास पाठविलेल्या पत्राचा विषय मीठ हाच आहे. पोर्तुगीजांच्या अमलाखालील बारदेशात मीठ स्वस्त पडे. व्यापारी तिकडे वळले तर स्वराज्यातील संगमेश्वराकडचे मीठ पडून राहील आणि बंदरे ओस पडतील, हे ओळखून महाराजांनी बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसविण्याची आज्ञा केली की घाटावर पोहोचताना ते संगमेश्वरी मिठाहून महागच पडावे. या जकातीचा हेतू केवळ वसुली नव्हता. आपल्या आगरात राबणाऱ्याच्या हाताला काम राहावे हाही होता. मिठाच्या करात प्रजेचे हित पाहता येते, हा विचार येथे स्पष्ट दिसतो.

इंग्रजी अमलात हा विचार लोपला आणि वसुली तेवढी उरली. 1837 साली मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे अबकारी कर बसला. 1844 मध्ये तो एक रुपया करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सुरतेत मोठा दंगा उसळला आणि सरकारास बारा आण्यांवर यावे लागले. पण माघार तात्पुरती ठरली. 1859 मध्ये एक रुपया, 1865 मध्ये दीड रुपया आणि 1877 मध्ये अडीच रुपये, असा हा कर चढत गेला. आगरांभोवती चौक्या बसल्या, परवान्यावाचून मूठभर मीठ उचलणे हा गुन्हा ठरला, आणि लहान आगरे राखणीचा खर्च परवडत नाही म्हणून बंद करण्यात आली. शेजारच्या गोव्यातून चोरटे मीठ येऊ नये म्हणून 1878 साली पोर्तुगालशी तह करून तेथील मिठागरांवरही इंग्रज अधिकाऱ्यांची देखरेख बसविण्यात आली आणि ती 1892 पर्यंत चालली. दुष्काळाने गांजलेल्या प्रजेच्या जेवणातील मीठ या कराने कसे तुटते, हे नामदार गोखले यांनी 1902 च्या आपल्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणात कलकत्त्याच्या कायदेमंडळापुढे मांडले. पुढल्याच वर्षी कर दोन रुपयांवर आला आणि 1907 पर्यंत एक रुपयापर्यंत उतरला. 1930 च्या उन्हाळ्यात शिरोड्याच्या आणि वडाळ्याच्या आगरांत सत्याग्रह्यांनी लाठ्या खाऊन जे मीठ उचलले, त्यामागे या शतकभराच्या चिडीचा साठा होता. अखेर 1947 च्या एप्रिलपासून हा कर रद्द झाला.

त्या क्षणी मिठाचा प्रश्न कायमचा मिटला, असे कोणासही वाटले असते. वस्तुतः मिठाकडे पाहण्याची एक अगदी निराळी दृष्टी तोपर्यंत जगात तयार झाली होती आणि तिचा उगम समुद्राच्याच एका वनस्पतीत होता. 1811 साली बर्नार्ड कूर्त्वा या फ्रेंच रसायनकारास सागरी शेवाळाच्या राखेत जांभळी वाफ सोडणारे एक नवे मूलद्रव्य गवसले. 1820 मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे या वैद्याने तेच द्रव्य, म्हणजे आयोडीन, गलगंडाच्या रोग्यांस दिले. 1895 मध्ये बाउमन याने सिद्ध केले की गळ्यातील अवटु ग्रंथीत आयोडीन स्वभावतःच असते. आपल्या सुश्रुतासही गलगंड ठाऊक होता. परंतु गळ्याची ती सूज ही या विकाराची केवळ दर्शनी बाजू आहे, हे समजण्यास विसावे शतक उजाडावे लागले. गिलगिट व चित्रळच्या खोऱ्यांत काम करणारे ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी त्या शतकाच्या पहिल्या दशकात गलगंडाबरोबरच तेथे जन्मणाऱ्या मतिमंद, मुक्या-बहिऱ्या, खुरटलेल्या मुलांचे वर्णन केले, आणि मातेच्या गळ्याचा व अपत्याच्या बुद्धीचा संबंध चर्चेत आला. 1922 मध्ये स्वित्झर्लंडने आणि 1924 मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्याने मिठात आयोडीन मिसळून विकण्यास आरंभ केला.

येथे कोकणातील वाचक साहजिकच विचारील की ज्या समुद्रात हे द्रव्य सापडले त्याच समुद्राचे मीठ आपण खातो, मग बाहेरून आयोडीन घालण्याचे प्रयोजन काय? हा समज फार व्यापक आहे, आणि साध्या हिशेबाने तो ढळतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे पन्नास ते साठ मायक्रोग्रॅम आयोडीन असते आणि खाण्याचे मीठ पंचवीस-तीस ग्रॅम. तेव्हा सारेच्या सारे आयोडीन खड्यात उतरले असे मानले, तरी ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमच वाट्यास येते. दिवसाकाठी दहा ग्रॅम मीठ पोटात गेले तर वीस मायक्रोग्रॅम मिळतील. प्रौढ माणसाची गरज मात्र दीडशेची आहे आणि गर्भिणीची जागतिक आरोग्य संघटनेने अडीचशेची ठरविली आहे. त्यातही सारे आयोडीन खड्यात उतरत नाही. वाफ्यात मीठ धरते तेव्हा त्यातील पुष्कळसे मागे उरणाऱ्या कडवट पाण्यात राहते आणि उन्हातल्या त्या दीर्घ आटणीत काही हवेतही जाते. म्हणजे ज्या सूर्याने आगऱ्यास मीठ दिले, त्यानेच त्यातील हा अंश काढून घेतला.

किनाऱ्यावरच्या बाईस जे आयोडीन मिळाले ते प्रायः मिठातून नव्हे, तर मासळीतून मिळाले. सागरी जीव पाण्यातील आयोडीन आपल्या देहात साठवितात. म्हणून बांगडा, कोळंबी, बोंबील, तिसऱ्या यांत ते गोड्या पाण्यातील माशापेक्षा कितीतरी अधिक असते. कोळ्यांच्या आणि आगऱ्यांच्या घरी गर्भारपणी व बाळंतपणात मासळीस मान होता. बाळंतिणीस दूध यावे म्हणून मोरीचे कालवण घालण्याची रीत रायगडापासून मालवणापर्यंत चालत आली आहे. तरीही किनारा म्हणजे निर्भय प्रदेश, असे मानण्यास आधार नाही. मासळीचे उत्पन्न हंगामी असते, पावसाळ्यात होड्या बंदरात लागतात, चांगला माल शहराकडे जातो, आणि किनाऱ्यावरच्या सर्वच जाती मासळी खात नाहीत. पुढे देशभर झालेल्या पाहण्यांत 414 जिल्ह्यांपैकी 337 जिल्ह्यांत आयोडीनच्या उणिवेचे विकार आढळले आणि एकही राज्य त्यातून सुटलेले नाही असे दिसले, तेव्हा हा दोष हिमालयाच्या पायथ्यापुरता आहे ही समजूत निकालात निघाली.

घाट चढून मीठ वाकडला आले, ते मासळीची ही जोड बहुधा खालीच ठेवून. आठवड्याच्या बाजारात सुकट आणि सुके बोंबील मिळत, आणि कुणब्याच्या भाकरीबरोबर ते रुचीने खाल्ले जात. परंतु एका बाजूस देहू आणि दुसऱ्या बाजूस आळंदी असलेल्या या मुलखात गळ्यात तुळशीची माळ घातलेली घरे गावोगाव होती, आणि माळकऱ्याच्या घरात मासळीची वाट मुळातच बंद होती. अशा घरातील स्त्रीस जमिनीतून धान्यात आणि चाऱ्यातून दुधात जे आयोडीन उतरेल, त्यावरच गुजराण करावी लागे. पोळ्या आणि भाकऱ्या कमी पडल्या तर भूक सांगते. आयोडीन कमी पडले तर शरीर आवाज करीत नाही. मूल जन्मते, चालते, बोलते, आणि शाळेत थोडे मागे राहते. त्या मागे राहण्याचे कारण कोणी मातेच्या ताटात शोधीत नाही.

गर्भारपणाच्या आपल्या रीतिरिवाजांकडे या दृष्टीने पाहिले तर एक विलक्षण विसंगती दिसते. पहिले तीन महिने ही वार्ता उंबऱ्याबाहेर जाऊ द्यावयाची नाही, असा संकेत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण थाटात होते, हिरवे लुगडे नेसवून, ओटी भरून, आंबट-गोड-खारट जे मागेल ते पुरविले जाते. गर्भाची स्वतःची अवटु ग्रंथी मात्र तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आकार घेते आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत पुरती कामास लागत नाही. तोवर मेंदूच्या घडणीस लागणारा अवटु-रस आईच्याच रक्तातून मिळवावा लागतो. त्या काळात आईची ग्रंथी नेहमीच्या मानाने जवळजवळ निम्मे काम अधिक करते आणि तिच्या मूत्रावाटे आयोडीनही अधिक वाहून जाते. म्हणजे ज्या महिन्यांत गरज सर्वांत मोठी, त्याच महिन्यांत ती बाई कोणास सांगत नाही, आणि पहिल्या काही आठवड्यांत तर तिला स्वतःलाही ठाऊक नसते. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या पापुआ न्यू गिनीतील प्रयोगाने याची कठोर साक्ष दिली: ज्या स्त्रियांस गर्भधारणेपूर्वी आयोडीनयुक्त तेल टोचण्यात आले होते त्यांची मुले जन्मजात मतिमंदत्वापासून वाचली; जेथे गर्भ आधीच राहिला होता तेथे उपाय उशिरा पोहोचला.

यावरून निष्पन्न होते ते असे की हे औषध गर्भिणीस शोधून देण्याजोगे नाही. ती गर्भिणी होण्यापूर्वीपासून, तिने न मागता, तिच्या घरी ते पोहोचलेले असले पाहिजे. आणि न मागता, न चुकता, प्रत्येक घरी रोज थोडेथोडे पोहोचणारी वस्तू एकच आहे. जकातदारास मीठ ज्या कारणाने प्रिय होते, त्याच कारणाने ते आरोग्याच्या कारभाऱ्यासही सोयीचे ठरले.

भारतात या विचारास प्रमाण मिळाले ते कांगड्याच्या खोऱ्यात. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी 1956 पासून त्या खोऱ्याचे तीन विभाग पाडून दोहोंत आयोडीनयुक्त आणि एकात साधे मीठ पुरविले. काही वर्षांतच पहिल्या दोन विभागांतील शाळकरी मुलांचा गलगंड ठळकपणे घटला. साध्या मिठाच्या विभागात फरक पडला नाही. पोटॅशियम आयोडेट हा क्षार दमट, उष्ण हवेतही टिकतो, म्हणून आपल्या देशासाठी तोच योग्य, हेही मान्य झाले. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. परंतु तो ज्ञात पट्ट्यापुरताच होता. सर्व देशाच्या खाण्याच्या मिठात आयोडीन घालण्याचे धोरण 1980 नंतरच्या दशकात ठरले. 1983 मध्ये टाटांचे पुडीबंद आयोडीनयुक्त मीठ बाजारात आले, आणि शहरी घरांतून खड्याच्या मिठाची बरणी हळूहळू मागल्या फळीवर गेली. 1992 मध्ये कार्यक्रमाच्या नावातून गलगंड जाऊन आयोडीनच्या उणिवेचे समग्र विकार आले. कारखान्यात दशलक्ष भागांत तीस आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडताना पंधरा भाग आयोडीन, असे प्रमाण मुक्रर झाले.

कायद्याची वाट मात्र सरळ नव्हती. 1998 मध्ये साध्या मिठाची खाण्यासाठी विक्री देशभर बंद झाली, 2000 मध्ये केंद्र सरकारने ती बंदी उठविली आणि 2006 च्या मे महिन्यात पुन्हा घातली. लहान आगरवाल्याचा धंदा मोठ्या कारखान्याच्या हाती जाईल, काय खावे हे राज्याने ठरविणे हा सक्तीचा प्रकार आहे, आणि दांडीच्या देशात मिठावर पुन्हा बंधन येते आहे, असे आक्षेप घेण्यात आले. त्यांतील पहिला आक्षेप हलक्याने घेण्याजोगा नाही. नारळाच्या झावळ्यांखाली राशी रचणाऱ्या आगऱ्याजवळ आयोडेट फवारण्याचे यंत्र नव्हते आणि पुडी बांधण्याचे भांडवलही नव्हते, आणि शिवछत्रपतींच्या पत्रात त्याची जी काळजी वाहिलेली दिसते तिला साजेशी तजवीज या धोरणात ठळकपणे झाली नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2011 च्या जुलैत न्यायालयाने ठरविले की भेसळ रोखण्याच्या जुन्या कायद्याखाली असा नियम करण्याचा अधिकारच सरकारास नव्हता. पण लोकांच्या आरोग्याचा विचार करून तो नियम सहा महिने चालू ठेवण्यास मुभा दिली. तोवर अन्नसुरक्षेचा नवा कायदा अमलात आला आणि त्याखालील विनियमांत बंदीस नवे घर मिळाले.

या सक्तीची तुलना मिठाच्या कराशी करणारे एक भेद विसरतात. कराने मिठाची किंमत वाढली आणि ती वाढ राज्याच्या खजिन्यात गेली. आयोडीन घालण्याचा खर्च किलोमागे पैशांच्या हिशेबात मोजण्याइतका अल्प आहे, आणि त्याचा लाभ अशा जिवास मिळतो ज्याचे नाव अद्याप ठेवलेलेही नाही. तथापि लाभ अदृश्य असला म्हणजे तो सोडून देणेही सोपे असते. 2018-19 च्या देशव्यापी पाहणीत सुमारे 76 टक्के घरांतील मिठात पुरेसे आयोडीन सापडले, हे या कामाचे मोठे यश आहे आणि उरलेल्या चोवीस टक्क्यांची जबाबदारीही आहे.

आजच्या वाकडमध्ये ही जबाबदारी निराळ्या रूपाने उभी राहते. विदर्भातून, बिहारातून, केरळातून आलेली तरुण जोडपी येथे नवा संसार मांडतात. दुकानाच्या फळीवर गुलाबी सैंधव, ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे जाड सागरी मीठ आणि कमी सोडियमचे मीठ शेजारी शेजारी असते, आणि त्यांतील महाग ते हितकर, असा ग्रह सहज होतो. चरकाने पंचलवणांत सैंधवाचा समावेश केला आहे आणि उपवासाच्या दिवशी ते पाळणे ही श्रद्धेची बाब आहे. परंतु खाणीतून निघालेल्या सैंधवात आयोडीन नाममात्रच असते, आणि उपवासापुरते आणलेले मीठ रोजचे झाले की मासळी न खाणाऱ्या घरातील मुख्य वाट बंद होते. पाय सुजतात, रक्तदाब वाढतो, म्हणून मीठ कमी करावे, असा सल्लाही मिळतो. तो डॉक्टरांनी दिला असेल तर पाळावाच. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमांची मर्यादा घातलेलीच आहे. पण पाच ग्रॅमांत, पंधरा भागांच्या प्रमाणाने, पंचाहत्तर मायक्रोग्रॅमच येतात; म्हणून जे थोडे मीठ खावयाचे ते तरी आयोडीनयुक्त असावे, झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे, आणि दूध, दही, अंडी, चालत असेल त्यांनी मासळी, यांचीही जोड द्यावी. ज्या स्त्रीस अवटु ग्रंथीचा विकार आधीच आहे तिने आयोडीनच्या गोळ्यांचा निर्णय आपल्या डॉक्टरांवर सोडावा.

पूर्वी वाकडच्या कुणब्यास कोणते मीठ घ्यावे याची निवडच नव्हती. लमाणाने जे आणले आणि जकातीच्या चौकीने जे सोडले, ते तो घेई. नंतर काही दशके कायद्याने ती निवड त्याच्या वतीने केली, आणि त्याच्या घरात जन्मणाऱ्या मुलांचे त्यात भले झाले. आता कायदा असला तरी दुकानाच्या फळीवरील या नाना मिठांमुळे ती पुन्हा घरोघर परतली आहे, आणि ती करणारी व्यक्ती बहुधा गर्भिणी नसते: कधी सासूबाई, कधी नवरा, कधी भ्रमणध्वनीवर महिन्याचे वाणसामान मागविणारे घरातले कोणीही. डोहाळजेवणाची तयारी करणाऱ्या घराने ओटीच्या नारळाइतकाच विचार त्यापूर्वीच्या सात महिन्यांच्या मिठाचा केला पाहिजे. आणि ज्या घरात अशी काही वार्ता अद्याप नाही, त्या घराने तर तो आजच करावा.